उंच इमारतींचा इंजिनिअर : डॉ. फजलुर रहमान खान



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : पोरगा इंजिनिअरिंगला जाणार का? टक्के बरे पडले असतील तर उत्तर ठरलेलेच असते. कमी पडले असतील तर डिप्लोमाची चौकशी सुरू होते, नातेवाइकांकडे शब्द टाकला जातो, फीसाठी कर्जाची जुळवाजुळव होते, एखाद्या घरात आईच्या बांगड्याही मोडल्या जातात. परंतु एवढा आटापिटा ज्याच्यासाठी करायचा ते इंजिनिअरिंग म्हणजे आहे तरी काय, हे त्या गडबडीत ना बाप विचारतो ना मुलगा. मग काही वर्षे निघून जातात, पदवीचा कागद हाती येतो आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याच साध्या प्रश्नाला मुलगा अडखळतो. दोष मुलाच्या बुद्धीचा नसतो. आपण कशाच्या मागे धावत होतो हेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

या प्रश्नाचे उत्तर व्याख्या देऊन देता येईल. पण व्याख्या परीक्षेपुरती पाठ होते आणि नंतर विसरली जाते. म्हणून एका माणसाचे आयुष्य तुमच्यापुढे ठेवतो. हा माणूस एका गणिताच्या मास्तरांचा मुलगा होता. त्याने जगातील सर्वांत उंच इमारत उभी करून दाखवली, आणि हजला जाणाऱ्या लाखो माणसांच्या डोक्यावर सावलीही धरली. त्यांचे नाव डॉ. फजलुर रहमान खान.

घर आणि शाळा

फजलुर रहमान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी त्या वेळच्या अखंड बंगालमध्ये झाला. घराण्याचे मूळ गाव भंडारीकांदी. हे गाव आज बांगलादेशाच्या मदारीपूर जिल्ह्यात येते. वडील अब्दुर रहमान खान हे गणिताचे शिक्षक. त्यांनी पाठ्यपुस्तके लिहिली, शिक्षण खात्यात मोठी जबाबदारी सांभाळली आणि पुढे ढाक्याच्या जगन्नाथ कॉलेजचे ते प्राचार्य झाले.

पालकहो, या वडिलांकडे जरा लक्ष द्या. मुलाने शाळेतला गृहपाठ पुरा केला म्हणून ते समाधान मानणारे नव्हते. जे गणित सुटले ते दुसऱ्या वाटेने सुटते का, त्याच्या पलीकडे काय आहे, याचा विचार करायला ते मुलाला लावीत. उत्तर बरोबर आले की वही मिटायची, ही आपल्याकडची रीत. त्या घरात उत्तर आल्यावर खरा अभ्यास सुरू होई. पुढे या मुलाने जे काही केले त्याचे बी इथेच पडले असे म्हणायला हरकत नाही.

फजलुर रहमान यांचे शालेय शिक्षण ढाक्याच्या आर्मानीटोला सरकारी हायस्कूलमध्ये झाले. त्यांचा ओढा पदार्थविज्ञानाकडे होता. परंतु वडिलांच्या सल्ल्याने त्यांनी इंजिनिअरिंगची निवड केली. कलकत्त्याजवळच्या शिवपूर येथील बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी नाव घातले. तेवढ्यात फाळणी झाली, ढाका आणि कलकत्ता यांच्यामध्ये सरहद्द आली, आणि पुढे दंगली उसळल्या. ऐन अखेरच्या परीक्षेच्या सुमारास त्यांना ढाक्याला परतावे लागले. तेथील अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५० च्या सुमारास ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. हेच कॉलेज पुढे बांगलादेशाचे इंजिनिअरिंग विद्यापीठ बनले.

त्यानंतर त्यांनी रस्त्यांच्या खात्यात नोकरी केली आणि कॉलेजात अध्यापनही केले. १९५२ साली त्यांना फुलब्राइट आणि पाकिस्तान सरकारची अशा दोन शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले. अवघ्या तीन वर्षांत त्यांनी दोन मास्टर्स पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली. मास्टर्सपैकी एक पदवी स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगची होती आणि दुसरी यंत्रशास्त्राच्या तात्त्विक अंगाची, म्हणजे बल, ताण, दाब यांच्या मूळ शास्त्राची. विद्यार्थी मित्रांनो, ही दुसरी पदवी त्यांना नोकरीसाठी आवश्यक नव्हती. सूत्र कुठून आले हे कळल्याखेरीज ते वापरायचे नाही, ही वृत्ती तिच्यामागे दिसते. पुढे जुनी सूत्रे अपुरी पडली तेव्हा नवी वाट काढता आली ती या वृत्तीमुळेच.

घरी परत आणि पुन्हा दूर

१९५५ साली शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या प्रसिद्ध कंपनीत ते रुजू झाले. पण शिष्यवृत्ती घेऊन गेलेल्या माणसाला मायदेशी परतायचे होते. १९५७ साली ते पाकिस्तानात आले आणि कराचीच्या विकास प्राधिकरणात अधिकारी झाले. पद मोठे होते, मान होता. मात्र काम कचेरीचे होते, कागदांचे आणि मंजुऱ्यांचे होते. ज्या विद्येसाठी आयुष्य वाहिले तिला तिथे वाव मिळेना. १९६० साली ते पुन्हा शिकागोला, आपल्या जुन्या कंपनीत गेले. पुढे ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि त्याच कंपनीत भागीदारही झाले.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे. शिकलेला मुलगा परदेशी गेला की आपण एक तर अभिमानाने सांगत फिरतो, नाही तर तो परका झाला म्हणून हळहळतो. डॉ. खान परत आले होते हे विसरू नका. विद्वान माणूस घरी आल्यावर त्याच्या हाताला त्याच्या योग्यतेचे काम मिळाले नाही तर तो टिकणार कसा? संस्था चालवणाऱ्यांनी, उद्योग काढणाऱ्यांनी आणि ज्यांच्या हाती नेमणुका आहेत अशा सर्वांनी हा प्रश्न स्वतःला विचारण्याजोगा आहे. मोठी खुर्ची देणे सोपे असते. माणसाच्या विद्येला साजेसे काम देणे कठीण असते.

वाऱ्याचा हिशेब

आता डॉ. खान यांनी नेमके काय केले ते समजून घेऊ. यात थोडे गणित आहे, परंतु घाबरू नका.

इमारतीवर दोन प्रकारचा भार येतो. एक भार वरून खाली : भिंती, सामान, माणसे यांचे वजन. दुसरा बाजूने : वारा आणि भूकंप. आपले दुमजली घर वजनाला पेलले की झाले, वाऱ्याची त्याला फारशी फिकीर नसते. पण इमारत जसजशी वर चढते तसतसा वारा हाच मुख्य शत्रू होतो. एक काठी जमिनीत घट्ट रोवून तिला बाजूने ढकलले तर काय होते, ते डोळ्यांपुढे आणा. वाऱ्याचा दाब सगळीकडे सारखा धरला आणि इमारतीची उंची दुप्पट केली, तर तिला पायथ्याशी उलथवू पाहणारा जोर चौपट होतो. आणि अंगचा ताठपणा तोच ठेवला, तर माथ्याचे झुकणे सोळापट होते! उंचीबरोबर खर्च किती झपाट्याने वाढतो हे यावरून ध्यानात येईल.

त्या काळापर्यंत उंच इमारती उभ्या आडव्या तुळयांच्या आणि खांबांच्या सांगाड्यावर बांधल्या जात. न्यूयॉर्कची १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत १९३१ साली पुरी झाली. तिच्यापेक्षा उंच इमारत त्यानंतर चाळीस वर्षे जगात उभी राहिली नाही. मजले वाढवायचे म्हणजे पोलाद इतके वाढवावे लागे की इमारत परवडेनाशी होई. उंचीसाठी जो हा जादा दंड भरावा लागतो, तो कमी कसा करायचा, हा डॉ. खान यांच्यापुढचा प्रश्न होता.

उत्तर शोधण्यासाठी तुम्ही घरीच एक प्रयोग करा. एक जुने पोस्टकार्ड घ्या आणि उभे धरून त्यावर वही ठेवा. कार्ड लगेच वाकेल. आता त्याच कार्डाची गोल नळी करा, कडा दोऱ्याने बांधा आणि नळी उभी करून तिच्यावर वही ठेवा. वही राहील. कागद तेवढाच आहे, एक गुंजभरही वाढलेला नाही. फरक पडला तो कागद कुठे आहे याने. वाकण्याला विरोध करायचा तर माल मध्यभागापासून जितका दूर तितका तो अधिक उपयोगी पडतो. अंतर दुप्पट झाले तर त्याचा उपयोग चौपट होतो. आपल्या परड्यातला कळक आतून पोकळ असूनही वादळात उभा राहतो, त्याचे कारणही हेच.

डॉ. खान यांनी इमारतीकडे याच दृष्टीने पाहिले. खांब आत विखुरण्याऐवजी त्यांनी ते बाहेरच्या कडेला, जवळजवळ आणले आणि प्रत्येक मजल्याशी जाड तुळयांनी एकमेकांस घट्ट जोडले. आता इमारतीच्या चार बाहेरच्या भिंती म्हणजे जमिनीत रोवलेली एक प्रचंड चौकोनी नळी झाली, आणि वाऱ्याला तोंड द्यायला ती सबंध नळी एकत्र उभी राहिली. या रचनेला ट्यूब म्हणतात. शिकागोत १९६६ च्या सुमारास पुरी झालेली ४३ मजल्यांची डेविट-चेस्टनट ही काँक्रीटची निवासी इमारत या पद्धतीची पहिली मानली जाते.

पण तेथे ते थांबले नाहीत. नळी फार रुंद झाली की एक दोष निर्माण होतो. कोपऱ्यावरचे खांब जास्त भार उचलतात आणि मधले खांब मागे राहतात. चौघांनी मिळून ओझे उचलावे आणि मधल्या दोघांनी नुसता हात लावावा, तसे ते होते. यावर त्यांनी दोन उपाय काढले.

पहिला उपाय शिकागोच्या जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये दिसतो. ब्रूस ग्रॅहम हे आर्किटेक्ट आणि डॉ. खान हे इंजिनिअर, या जोडीने १०० मजल्यांची, ३४४ मीटर उंचीची ही इमारत १९६९ च्या सुमारास उभी केली. तिच्या चारही बाजूंना बाहेरून पोलादाच्या प्रचंड तिरप्या पट्ट्या फुलीसारख्या बसवलेल्या आहेत. एका खांबावरचा भार या तिरप्या पट्ट्यांवाटे शेजारच्या खांबांत वाटला जातो, आणि सगळे खांब कामाला लागतात. एवढ्या उंच इमारतीला मजल्याच्या दर चौरस मीटरमागे सुमारे १४५ किलो पोलाद लागले. जुन्या सांगाड्याच्या पद्धतीने तेवढीच उंची गाठायची तर याहून कितीतरी अधिक पोलाद ओतावे लागले असते.

दुसरा उपाय त्याहून धाडसी होता. एका नळीऐवजी नऊ नळ्यांची मोळी! शिकागोचा सिअर्स टॉवर असाच आहे. प्रत्येकी ७५ फूट बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या तीन-तीनच्या रांगांत एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. पन्नासाव्या मजल्यापर्यंत नऊही नळ्या जातात. तेथे दोन थांबतात, सहासष्टाव्या मजल्याला आणखी दोन थांबतात, नव्वदाव्याला तीन, आणि उरलेल्या दोन माथ्यापर्यंत चढतात. नळ्यांच्या सामाईक भिंतींमुळे मधल्या खांबांनाही भाराचा वाटा मिळतो. ४४२ मीटर उंचीचा हा टॉवर १९७४ साली तयार झाला आणि १९९८ साली मलेशियातील पेट्रोनास मनोरे पुढे जाईपर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून ओळखला गेला. २००९ पासून त्याचे नाव विलिस टॉवर आहे.

आता सांगा, यात नवीन माल कोणता होता? पोलाद तेच, काँक्रीट तेच, न्यूटनचे नियम तेच. नवीन होता तो विचार. उपलब्ध साधनांतून, कमीत कमी माल आणि पैसा लावून, माणसाच्या गरजेला सुरक्षितपणे उतरेल अशी वस्तू घडवणे, याला इंजिनिअरिंग म्हणतात. जे आहे ते का आहे, याचा शोध विज्ञान घेते. जे नाही ते कसे उभे करायचे, याचा निर्णय इंजिनिअर घेतो. आणि निर्णय चुकला तर त्याची किंमत इतरांना मोजावी लागते.

माणूस आधी

उंच इमारत वाऱ्याने थोडी डोलतेच. ती पडणार नाही एवढे गणिताने सिद्ध झाले, म्हणजे इंजिनिअरचे काम संपले का? डॉ. खान यांना तसे वाटले नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला स्वयंपाक करताना घेरी आली तर त्या इमारतीचा उपयोग काय? माणसाला किती हालचाल जाणवते, कितीला तो अस्वस्थ होतो, याचे आकडे त्या वेळी पुस्तकांत तयार नव्हते. तेव्हा त्यांनी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातील एका फिरत्या चौथऱ्याचा उपयोग करून घेतला. माणसांना त्यावर उभे करून, बसवून, झोपवून त्यांना केव्हा हालचाल जाणवते याची नोंद केली आणि ते मोजमाप हॅनकॉक सेंटरच्या रचनेत वापरले. पुस्तकात उत्तर नाही म्हणून ते थांबले नाहीत, आणि अंदाजाने ठोकूनही दिले नाही. मोजून पाहिले.

हॅनकॉक सेंटरचे काम चालू असताना एक संकटही आले. इमारतीचा भार ज्यांच्यावर होता त्या जमिनीत खोल गेलेल्या काँक्रीटच्या पायांपैकी एक दबल्याचे आढळले. बांधकाम थांबले. तपासणीत असे दिसले की तो पाया ओतताना काँक्रीटमध्ये पोकळी राहिली होती. मग एकेक करून सगळे पाये तपासले गेले, दुरुस्ती झाली, वेळ गेला, पैसा गेला आणि त्यानंतरच काम पुढे सरकले. कागदावरचा आराखडा कितीही निर्दोष असो, ओतणाऱ्या हाताने कसूर केली तर तो व्यर्थ ठरतो. साइटवर धूळ खाण्यास कमीपणा मानणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आणि जे भाऊ मिस्त्री, गवंडी, फिटर म्हणून काम करतात त्यांनीही ध्यानात ठेवावी. कारण इमारत त्यांच्याही प्रामाणिकपणावर उभी असते.

जेद्दाहची सावली

आपल्यापैकी ज्यांच्या घरातील कुणी हजला विमानाने जाऊन आले असेल त्यांनी जेद्दाहच्या विमानतळावरील पांढऱ्या तंबूंची हकिकत ऐकली असेल. ते हज टर्मिनल १९८१ साली सुरू झाले आणि त्याच्या रचनेत डॉ. खान यांचा मोठा वाटा आहे.

प्रश्न असा होता : हजच्या मोसमात थोड्या दिवसांत लाखो माणसे उतरणार. त्यांत म्हातारी माणसे, बायाबापड्या. कागदपत्रे आणि पुढचे वाहन होईपर्यंत त्यांना तासन्‌तास थांबावे लागणार. ऊन असे की उभे राहवत नाही. वर्षाचे उरलेले महिने मात्र जागा बरीचशी रिकामी. एवढ्या जागेवर बंद इमारत बांधून ती थंड करायची तर खर्चाला सीमा राहणार नाही.

जगातील सर्वांत उंच इमारतीच्या इंजिनिअरने येथे काय करावे? त्याने इमारत बांधलीच नाही, मांडव घातला! काचेच्या धाग्यांचे, टेफ्लॉनचा लेप दिलेले कापड, पोलादी खांबांवरून तारांनी ताणलेले. सुमारे ४५ मीटर लांबी-रुंदीचा एक तंबू, आणि असे २१० तंबू. पांढरे कापड बरेचसे ऊन परतवून लावते, तरी दिवसा खाली पुरेसा उजेड राहतो. बाजू मोकळ्या असल्याने वारा आत येतो. तापलेली हवा वर चढते आणि तंबूच्या शेंड्याला ठेवलेल्या वाटोळ्या वाटेने निघून जाते. यंत्राने थंड करावी लागणारी जागा त्यामुळे फार थोडी उरली. अरबस्तानातल्या बदूंना तंबूचे मर्म शेकडो वर्षांपासून ठाऊक होते. डॉ. खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या शहाणपणाला नव्या हिशेबाची जोड दिली. या कामाला १९८३ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

तो पाहायला डॉ. खान नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी जेद्दाह येथेच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्रेपन्नावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. शिकागोच्या ग्रेसलँड कबरस्तानात त्यांना दफन करण्यात आले. बांगलादेशाने १९९९ साली त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला.

चांगला इंजिनिअर कसा घडतो

या आयुष्यातून तुम्ही घ्यावे असे जे मला वाटते ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, पाया. भौतिकशास्त्र आणि गणित ही प्रवेशपरीक्षेपुरती ओलांडायची नदी नव्हे. आयुष्यभर त्याच पाण्यात पोहायचे आहे. गाइडमधील उत्तर पाठ करून गुण मिळतील; पण खांब का वाकतो हे कळले नसेल तर पदवी तुम्हाला तारणार नाही. दर धड्याला स्वतःस विचारा की ही गोष्ट मला माझ्या धाकट्या बहिणीला साध्या शब्दांत समजावता येईल काय? येत नसेल तर ती अजून तुम्हाला समजलेली नाही.

दुसरी गोष्ट, हात आणि डोळे. सायकलची साखळी, मोरीचा उतार, पंपाची मोटार, गल्लीत चाललेले स्लॅबचे काम हे सारे तुमचे प्रयोगशाळेचे सामान आहे. सळई स्लॅबच्या खालच्या बाजूस का बांधतात आणि गॅलरीच्या स्लॅबला ती वरच्या बाजूस का, हे त्या मिस्त्रीचाचांना अदबीने विचारा. ते आनंदाने सांगतील, आणि जे त्यांना सांगता येणार नाही ते कॉलेजात विचारण्याचा तुमचा प्रश्न होईल.

तिसरी गोष्ट, इतरांबरोबर काम. डॉ. खान एकटे मोठे झाले नाहीत. आर्किटेक्ट ग्रॅहम यांच्याशी त्यांची जोडी जमली. नोकरी सांभाळून ते इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत, आणि तिरप्या पट्ट्यांच्या इमारतीची कल्पना तेथील एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातही तपासून पाहिली गेली होती. संगणक नवखा असताना त्यांनी तो वापरायला घेतला. विद्यार्थ्याकडून शिकायला आणि नव्या यंत्राकडून मदत घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आज संगणक पापणी लवण्याच्या आत आकडे देतो. पण आलेला आकडा शहाणा की खुळा हे ओळखणारा माणूस लागतोच.

चौथी गोष्ट, मन. या माणसाला रवींद्रनाथांची गीते प्रिय होती. बंगाली गाण्यात तो रमत असे. १९७१ साली मातृभूमीवर संकट कोसळले तेव्हा शिकागोत बसून त्यांनी अमेरिकेतील बंगाली माणसांना एकत्र केले, निर्वासितांसाठी मदत गोळा केली आणि तेथील लोकप्रतिनिधींपर्यंत आपल्या लोकांची बाजू पोहोचवली. आकड्यांत बुडून माणसे विसरणारा इंजिनिअर त्यांना अपुरा वाटे. तेव्हा मुलगा गोष्टीचे पुस्तक वाचताना दिसला तर ते हिसकावू नका. पुढे त्याला माणसांसाठीच बांधायचे आहे.

आणि एक गोष्ट पालकांसाठी. डॉ. खान यांची कन्याही स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली आणि वडिलांच्या कामावर तिने पुस्तक लिहिले. आपल्या घरात गणितात डोके चालणारी मुलगी असेल तर तिच्या शिक्षणाचा हिशेब लग्नाच्या हिशेबातून वजा करू नका. उलट, मुलाला यंत्रात, बांधकामात, विजेत मुळीच गोडी नसेल, तर केवळ शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून त्याला त्या वाटेला ढकलू नका. चांगला शिक्षक, चांगला वकील, चांगला सुतार यांचीही समाजाला तेवढीच गरज आहे. नाइलाजाने झालेला इंजिनिअर स्वतः दुःखी राहतो, आणि त्याच्या हातचा पूल इतरांना धोक्याचा ठरतो.

ज्यांना गोडी आहे त्यांनी मात्र गरिबीला घाबरू नये. शिष्यवृत्त्या आहेत, ग्रंथालये आहेत, संस्था पाठीशी आहेत. अर्ज वेळेवर भरा, अडले तर शिक्षकांना गाठा, पहिल्या वर्षी एखादा विषय राहिला तर तोंड लपवून बसू नका, पुन्हा बसा. आज संध्याकाळी पोस्टकार्डाची ती नळी करून पाहा. एक वही पेलली तर दुसरी ठेवा, मग तिसरी. कितव्या वहीला ती मोडते आणि नेमकी कुठून मोडते, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. मग तेवढ्याच कागदात आणखी एक वही कशी पेलता येईल याचा विचार करा.